तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि पुढचे तीनशे दिवस?

सप्टेंबर उजाडला की साताऱ्याजवळच्या कास पठाराचे फोटो फिरायला लागतात आणि त्यांच्यामागोमाग तीच दोन भांडणं येतात. पहिलं साधं असतं: "एवढ्या लांबून गेलो, फुलं कुठे होती?" दुसरं तापट. कुणीतरी गुलाबी फुलांत आडवं पडून फोटो काढलेला असतो, लोक त्याच्यावर तुटून पडतात आणि मग तो किंवा त्याचा एखादा मित्र विचारतो, "अहो, पंधरा दिवसांत ती फुलं मरणारच होती ना? मग आडवा पडलो तर काय बिघडलं?"

मला हा प्रश्न उद्धट वाटत नाही, रास्त वाटतो. उत्तर देणारे बहुतेक जण मात्र लगेच निसर्गप्रेम आणि संस्कारांवर घसरतात, त्यामुळे विचारणारा आणखी चिडतो. खरं उत्तर हिशेबाचं आहे. तो हिशेब समजून घ्यायला एक झाड पुरतं आणि ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: तेरडा.

## तेरडा एक नाही

ओढ्याच्या काठाला, शेताच्या बांधावर, पडक्या भिंतीच्या कडेला श्रावणात उगवलेला दिसतो तो आपला नेहमीचा तेरडा. कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, वीतभर उंचीचा जो गुलाबी गालिचा पसरतो तोही तेरडाच, पण त्याची जात वेगळी. सह्याद्रीच्या या पट्ट्याबाहेर तो जगात कुठे सापडत नाही. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी करता करता वनस्पती गोळा करणाऱ्या लॉ नावाच्या साहेबाचं नाव त्याला चिकटलं आहे. घाटात पिवळ्या फुलांचाही तेरडा आहे. जगात तेरड्याच्या हजाराहून जास्त जाती आहेत, भारतात दोनशेहून जास्त, आणि पश्चिम घाटातल्या बहुतेक जाती घाट सोडून कुठेच नाहीत.

या सगळ्यांच्या प्रजातीचं लॅटिन नाव आहे इम्पेशन्स, म्हणजे उतावळा. का, ते पुढे येईलच.

## वर्षायू म्हणजे नक्की काय

या लेखातला अवघड शब्द एवढा एकच. वर्षायू म्हणजे जे झाड बीपासून उगवून, फुलून, पुन्हा बी टाकून एकाच हंगामात मरतं ते. मुळासकट मरतं, जमिनीखाली काही शिल्लक ठेवत नाही.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण बाकीची बरीच रानफुलं तशी नाहीत. सड्यावरच्या जमिनीतल्या आमरी (ऑर्किड) घ्या. त्यांची पानं-फुलं दिवाळीपर्यंत वाळून जातात, पण खाली कंद जिवंत असतो. पुढच्या पावसात तोच कंद पुन्हा वर येतो. तेरड्यांतही एक अपवाद आहे. धबधब्याशेजारच्या ओल्या कातळाला चिकटून वाढणारा एक तेरडा कंद धरून राहतो. कारवी या डोंगरातल्या झुडपाची तऱ्हा आणखी निराळी. ती वर्षानुवर्षं नुसती पानांवर जगते, आठव्या वर्षी एकदम फुलते आणि मरते. मुंबईच्या आसपास ती २०१६ मध्ये फुलली होती, नंतर २०२४ मध्ये.

कंदवाल्याचं म्हणजे बँकेत मुदत ठेव आणि हातात पगार, असं आहे. एखादा महिना पगार बुडाला तरी घर चालतं. वर्षायू झाड हातावर पोट असलेलं. यंदा जे बी पडेल तेवढंच पुढच्या वर्षीचं भांडवल.

## मग हा धोक्याचा धंदा करतंच का कोण?

जागाच तशी आहे म्हणून. कासचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे. खाली जांभा खडक, त्यावर कुठे बोटभर, कुठे चार बोटं माती. पावसाळ्यात सडा चिखलपाण्यानं थबथबलेला असतो आणि एप्रिलमध्ये त्याच कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. मोठं झाड मूळ कुठे घालणार? पाणी भरपूर असतं तेव्हा ते कुजायचं आणि नसतं तेव्हा करपायचं. असल्या ठिकाणी उन्हाळा काढायची एक युक्ती म्हणजे उन्हाळ्यात झाड म्हणून नसणंच. आठ महिने बी होऊन पडून राहायचं, पाऊस पडला की चार महिन्यांत सगळा संसार उरकायचा.

ओढ्याकाठचं कारण वेगळं, पण निष्कर्ष तोच. दरवर्षी पूर येतो, काठ खरवडून काढतो आणि ओली, मोकळी माती मागे ठेवतो. अशा रिकाम्या जागेवर झटपट उगवणाऱ्याची चलती असते.

झटपट उगवायचं तर बांधकामही स्वस्तात हवं. तेरड्याचं खोड मोडून बघा. आत लाकूड नावाला नाही. ते काकडीसारखं पाणीदार असतं आणि उन्हासमोर धरलं तर जवळजवळ आरपार दिसतं. हे झाड पाण्याच्या दाबावर उभं असतं, हवा भरलेली सायकलची ट्यूब ताठ राहते तसं. म्हणूनच उपटलेला तेरडा तासाभरात मान टाकतो. लाकूड करण्यात ना वेळ घालवला ना शक्ती. सगळी कमाई फुलांवर आणि बियांवर.

## तीन दिवसांचा रंग, नीट मोजून

"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपण माणसांच्या हौशीवर वापरतो. चार दिवस व्यायामशाळेत जाऊन थांबणाऱ्यावर, नव्या सुनेच्या कौतुकावर. झाडावर ही म्हण थोडी अन्याय करते. (कोरियात तर तेरड्याच्या पाकळ्या वाटून नखांवर बांधतात. तो रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत टिकतो. म्हण तिथे जन्मली असती तर उलटी झाली असती.)

एकेक फूल थोडेच दिवस टिकतं हे मात्र खरं. त्या थोड्या दिवसांत ते दोन पाळ्या करतं. सुरुवातीला फूल नर असतं. पुंकेसर एकत्र जुळून एक छोटी टोपी झालेली असते आणि ती मधल्या स्त्रीकेसरावर घट्ट बसलेली असते. कीटक मधासाठी आत शिरला की त्याच्या पाठीला परागकण लागतात. मग टोपी गळून पडते, खालचा स्त्रीकेसर उघडा होतो आणि तेच फूल मादी बनतं. आता दुसऱ्या फुलाचे पराग घेऊन येणाऱ्या कीटकाची वाट बघायची.

मध कुठे असतो? फुलाच्या मागे वाकडी, शेपटीसारखी नळी लोंबते, तिच्या टोकाला. नळी लांब असेल तर लांब सोंडेची फुलपाखरं, आखूड असेल तर मधमाश्या, असं साधारण गणित. काही लबाड कीटक समोरून येतच नाहीत, मागून नळीला भोक पाडून मध पळवतात आणि परागांचं कामही करत नाहीत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. फूल दिसलं म्हणजे बी झालं असं नाही. टोपी पडायची असते, कीटक यायचा असतो, बोंड धरायचं असतं, ते पिकायचं असतं. आपण सड्यावर फोटो काढतो तो या कामाचा मध्य असतो, शेवट नव्हे.

## बोट लावलं की फुटतं ते बोंड

पिकलेलं बोंड फुगीर, फिकट हिरवं, दोन्ही टोकांना निमुळतं असतं. बोट लावताच ते फुटतं आणि तळहातावर काहीतरी वळवळतं. पहिल्यांदा माझ्या हातून ते अळी समजून फेकलं गेलं होतं. असतात ती बोंडाची पाच सालं, प्रत्येक आतल्या बाजूला गोल गुंडाळलेली. बिया तोवर उडून गेलेल्या असतात. उतावळा हे नाव यावरून पडलं.

आतली करामत अशी. बोंडाच्या सालीचे बाहेरचे थर पाणी पिऊन फुगतात, त्यांना पसरायचं असतं. आतला थर ताणला जात नाही. दोघांच्या ओढाताणीत प्रत्येक सालीला गुंडाळी व्हायचं असतं, पण शिवणी तिला धरून ठेवतात. बोंड पिकतं तशा शिवणी कमजोर होतात आणि मग वारा, पावसाचा थेंब, गुराची शेपटी, काहीही पुरतं. सगळा प्रकार काही हजारांश सेकंदांत आटोपतो. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

ऐकायला जबरदस्त, पण फेक कितीची? उत्तर अमेरिकेतल्या एका तेरड्यावर मोजमाप झालं, तेव्हा बोंडात साठलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम अर्धा टक्का बियांच्या वाट्याला येते असं निघालं. बाकीची ऊर्जा सालं गुंडाळण्यात वाया. लग्नातल्या फटाक्यांसारखंच, आवाज मोठा. हिमालयातला उंच तेरडा फेकीत पटाईत आहे, त्याचं बी सात मीटरपर्यंत जातं. सड्यावरच्या वीतभर उंचीच्या तेरड्याकडून तेवढ्याची अपेक्षा करू नये.

म्हणजे बी आईच्या आसपासच पडतं. पुढचा प्रवास पाण्याच्या भरवशावर, आणि पाणी बी खाली नेतं, वर आणत नाही. सड्यावरचा एखादा तुकडा बियांवाचून रिकामा झाला तर तो भरून काढायला लांबून कुणी येत नाही. भरला तर कडेकडेनं, वर्षाला काही फूट.

## दुबार पेरणी ज्याला परवडत नाही

जूनमध्ये दोन जोरदार सरी येतात, शेतकरी पेरतो, मग पाऊस ओढ देतो. कोंब जळतात आणि दुबार पेरणीच्या बातम्या येतात. शेतकरी निदान दुसरं बियाणं आणतो, कर्ज काढून का होईना. तेरड्यानं काय करावं?

अनेक वर्षायू झाडांनी यावर काढलेला तोडगा जुन्या शेतकऱ्याच्या कणगीसारखाच आहे: सगळं बी एका पावसात उगवू द्यायचं नाही. काही बिया पहिल्या सरीला उगवतात, काही उशिरा, काही ते वर्षच सोडून देतात. मातीत पडून राहिलेल्या या साठ्याला बीजपेढी म्हणू.

आकड्यांत बघा. आकडे माझ्या मनचे, फक्त समजण्यासाठी. समजा एका जागी १०० बिया आहेत आणि चांगल्या वर्षी एका झाडामागे १० नव्या बिया मिळतात. सगळ्या उगवल्या तर होतील १०००. निम्म्याच उगवल्या तर ५०० नव्या आणि ५० जुन्या. पहिला हिशेब फायद्याचा दिसतो. पण वर्ष वाईट गेलं, सगळी रोपं मेली, तर पहिल्याकडे शून्य उरतं आणि दुसऱ्याकडे ५०. शून्याला पुढच्या कितीही चांगल्या वर्षांनी गुणलं तरी शून्यच. डॅन कोहेन या अभ्यासकानं १९६६ मध्ये हेच नीट गणितात मांडून दाखवलं: पावसाचा भरवसा जितका कमी, तितकं मागे राखून ठेवणं शहाणपणाचं.

बीजपेढी अमर नसते, हेही खरं. काही रानटी गवतांचं, तणांचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. तेरड्याच्या घराण्यात इतकी चिवट परंपरा सहसा नाही. हिमालयातल्या त्या उंच तेरड्याचं बी दोनेक वर्षांत संपतं. म्हणजे पेढी आहे, पण तिच्यात एक-दोन वर्षांचीच शिल्लक.

पहिल्या भांडणाचं उत्तरही इथेच मिळतं. "यंदा फुलं नाहीत" याचा अर्थ झाडं संपली असा नसतो. जूनमध्ये पावसानं दगा दिला असेल, ऑगस्टभर सूर्य दिसला नसेल, किंवा तुम्ही एक आठवडा लवकर पोचला असाल. प्रत्येक जातीचा आठवडा ठरलेला असतो आणि तो दरवर्षी थोडा सरकतो. कासवर साडेआठशे प्रकारची फुलझाडं आहेत असं सांगतात. ती सगळी तुमच्या रविवारी फुलणार नाहीत.

## "मरणारच होती ना ती?"

हो, झाड मरणारच होतं. बी मरणार नव्हतं.

फुलात असलेलं रोप चिरडलं की त्याच्यावरची न धरलेली आणि कच्ची बोंडंही गेली. पाणीदार खोड एकदा पिचलं की पुन्हा उभं राहत नाही. गवत पायाखालून उठतं, तेरडा उठत नाही. मुदत ठेव नसलेल्या माणसाचा यंदाचा पूर्ण पगार तुम्ही काढून घेतला, असा अर्थ झाला. जुनी शिल्लक असेल तर एक वर्ष निभावेल. पण माणसं फोटो काढायला रोज नवी जागा शोधत नाहीत, जिथे आधीच्यांनी वाट पाडली आहे तिथेच जातात. त्याच तुकड्यावर दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी पाय पडतात आणि पेढी रिकामी होते.

मातीचंही आहे. चार बोटं मातीवर हजारो पाय पडले की ती दाबून घट्ट होते, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं आणि वरचं बी सोबत घेऊन जातं. पायवाटेवर फूल उगवत नाही ते यामुळे.

आणि गंमत म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस, बी पडून गेल्यावर, त्याच जागी तुम्ही आडवे पडलात तर तेरड्याचं फारसं काही बिघडणार नाही. फोटो काढावासा वाटणार नाही, हे वेगळं.

## गुरं चरतात ते चालतं, मग आम्ही का नाही?

गुरांचा हा मुद्दा कासच्या आसपासचे गावकरीही मांडतात आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी न्यावं असं नाही. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आलं. गर्दी वाढली, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली आणि पठाराला कुंपण असावं की नसावं यावर बरीच वादावादी झाली. गुरं बंद झाली म्हणून गवत माजलं आणि फुलं दबली, असं अनेकांचं म्हणणं.

यात तथ्य असू शकतं, आणि कारण पुन्हा तेच, वर्षायूपण. बारमाही गवताची मुळं जमिनीत तयार असतात, पाऊस पडताच ते वर येतं. तेरड्याला बीपासून सुरुवात करावी लागते. शर्यतीत एक जण अर्ध्या वाटेवर उभा आणि दुसरा रेषेच्या मागे, असा मामला. गुरांनी वाळलं गवत खाल्लं की जमीन उघडी होते, ऊन पोचतं, कोंबांना संधी मिळते. पण ऐन फुलात मोठा कळप सोडला तर तोही तुडवणारच. म्हणजे गुरं चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. किती आणि कधी, हे विचारायला हवं.

उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीतही असाच पेच पडला. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली, मेंढ्या-बकऱ्यांची चराई थांबली, आणि पुढे तिथे अमेला नावाची उंच, बारमाही वनस्पती फोफावली. ती उपटायच्या मोहिमा काढाव्या लागल्या. चराई थांबली म्हणूनच हे झालं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचाराल तर, कुंपण घालणं सोपं असतं म्हणून ते आधी सुचतं.

## आपणच बी नेऊन टाकलं तर?

बीजगोळे करून पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरावर फेकण्याची हौस हल्ली बरीच आहे. हेतू चांगला असतो. तेरड्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. रोपवाटिकेतून मिळणारं बी बहुधा दुहेरी पाकळ्यांच्या बागेतल्या तेरड्याचं असतं, सड्यावरच्या जातीचं नव्हे. आणि आपल्या जागी आटोक्यात असणारा तेरडा परक्या जागी काय करतो याचा धडा युरोपनं घेतला आहे. हिमालयातला तो उंच तेरडा १८३९ मध्ये शोभेसाठी इंग्लंडात नेला. तिथे त्याच्या नैसर्गिक शत्रूंपैकी कुणी नव्हतं. आता तो नदीकाठ व्यापून इतर झाडांना जागा देत नाही आणि थंडीत स्वतः मरून गेला की काठ उघडा पडून माती ढासळते. स्वयंसेवक त्याला हातानं उपटत हिंडतात. २०१४ पासून हिमालयातूनच नेलेली तांबेऱ्यासारखी एक बुरशी त्याच्यावर सोडून बघत आहेत. ओढ्याकाठच्या वर्षायू झाडाला हरवायचं तर बी पडायच्या आत गाठा, हे त्यांनाही कळून चुकलं आहे. हिशेब तोच, फक्त बाजू उलटी.

## आणि गौरीचं काय?

हे विचारल्याशिवाय मराठी वाचक सोडणार नाही, आणि सोडूही नये. कुठे खड्यांच्या गौरी, कुठे मुखवट्यांच्या, तशा अनेक घरी तेरड्याच्या. ऐन फुलातली रोपं ओढ्यावरून मुळासकट उपटून आणायची. आत्ता जे सगळं सांगितलं त्याच्या बरोबर विरुद्ध!

पण जात बघा आणि प्रमाण बघा. ओढ्याकाठचा तेरडा सर्वदूर पसरलेला आहे, एका काठावर शेकड्यानं असतो, आणि घरटी पाच-सात रोपांनी त्याच्या पेढीला धक्का लागत नाही. सड्यावरचा छोटा तेरडा मुठीएवढ्या मुलखात राहतो, त्याला हा न्याय लावता येत नाही. ओढाच सिमेंटच्या भिंतींत बांधला गेला असेल तर मात्र पाच रोपंही जास्तच.

तारखेचाही फरक पडतो. गणपती कधी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात येतात, कधी सप्टेंबर निम्मा सरल्यावर. लवकर आले तर बोंडं कच्ची असतात. अधिक महिन्यामुळे उशीर झाला असेल तर खालच्या फांद्यांवरची बोंडं पिकलेली मिळतात. आमच्याकडे गौरी तीन दिवसांच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना पोचवायला आजी त्याच ओढ्यावर जायची आणि मी मागून सूप धरून. सुकलेल्या रोपांना धक्का लागला की सुपात बारीक टपटप व्हायचं, तपकिरी बिया तळाशी गोळा व्हायच्या. आजी पाण्यात रोपं सोडायची, सूप काठावरच्या चिखलावर उपडं करायची आणि मागे दोनदा थोपटायची, एकही दाणा अडकून राहू नये म्हणून.